चौदा वर्षांनी पुन्हा गणित: मोफत नोट्सवर केलेला जॅमचा अभ्यास

११ फेब्रुवारी २०२४ ला मी जॅम दिली, विषय गणित. आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर ही परीक्षा द्यावी लागते. त्याआधीचे वीस महिने मी घरीच अभ्यास केला, तोही जवळपास पूर्णपणे विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी इंटरनेटवर मोफत ठेवलेल्या नोट्सवर. निकाल लागल्यापासून चार-पाच जणींनी विचारलं की नेमकं काय वाचलंस, कुठून उतरवलंस, पैसे किती लागले. प्रत्येकीला अर्धवट सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदा क्रमाने लिहिते. यात माझा बराच वेळ वाया गेला तो भागही येईल, कारण तुमचा तेवढा वेळ तरी वाचावा असं वाटतं.

मी फलटणला राहते, आठवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. बी.एस्सी. २००८ ची. जून २०२२ मध्ये माझ्याकडे दहावीला असलेली एक मुलगी भेटायला आली. ती आता एस.वाय.ला होती. बोलता बोलता तिने विचारलं, "मॅडम, सुप्रीमम म्हणजे मॅक्झिममच ना?" मी म्हणाले, "हो, जवळजवळ तसंच." ती गेली आणि मला चैन पडेना. शून्य आणि एकच्या मधल्या सगळ्या संख्या घेतल्या, दोन्ही टोकं सोडून, तर त्यात सर्वांत मोठी संख्याच नाही, पण सुप्रीमम, म्हणजे त्यांतली एकही संख्या जिच्या पुढे जात नाही अशी सर्वांत लहान संख्या, आहे आणि तो एक आहे. हे मला कधीकाळी पाठ होतं. ॲनालिसिसला, म्हणजे सीमा-सातत्याच्या काटेकोर गणिताला, चांगले गुणही पडले होते, कारण पंधरा-वीस प्रमेयं आणि त्यांच्या सिद्धता मी शब्दाला शब्द पाठ केल्या होत्या. त्यांतली एकही आता मला कुणाला समजावून सांगता आली नसती. पोरीला चुकीचं सांगितलं, हे मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी फोन करून तिला बरोबर उत्तर सांगितलं आणि त्याच रात्री नोट्स शोधायला बसले.

आठवडाभरात फोनवर साठेक फाइली जमल्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्या जगाला मोफत द्यायचं २००१ मध्ये जाहीर केलं, २००३ मध्ये आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससी यांनी मिळून एनपीटीईएल हा मोफत ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. म्हणजे मी बी.एस्सी.ला होते तेव्हा हे सगळं होतं, पण आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचं ते निकाल बघायला. आता मात्र एका बोटावर सगळं येत होतं, आणि मी घेतच सुटले. इग्नूची ई-ज्ञानकोश ही साइट सापडली, तिथे त्यांची पदवीची गणिताची पुस्तकं धड्यागणिक उतरवता येतात. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं सापडली. रोज रात्री क्लास सुटल्यावर, जेवणं आटोपली की एक व्याख्यान. किती सुंदर शिकवतात ते! ऐकताना सगळं समजत होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये जॅमची एक जुनी प्रश्नपत्रिका तीन तास लावून सोडवली. जुन्या प्रश्नपत्रिका जॅमच्या संकेतस्थळावर उत्तरांसकट मोफत असतात. शंभरपैकी सात गुण झाले. ऐकून समजणं आणि हाताने करता येणं यांत केवढं अंतर आहे, ते त्या संध्याकाळी कळलं. तीन महिन्यांत मी वहीची जेमतेम बारा पानं लिहिली होती. व्याख्यानं वाईट नव्हती. मी त्यांच्यासोबत पेन हातात घेतलं नव्हतं.

पुढचे दोन महिने, खरं सांगते, हातून काही झालं नाही. गणपती आले, मुलीच्या सहामाही परीक्षा झाल्या, माझ्या दहावीच्या मुलांचा अभ्यासक्रम मागे पडला होता.

दिवाळीच्या सुट्टीत नव्याने सुरुवात केली, आणि पहिलं काम म्हणून नोट्सचा एकच संच निवडायचा असं ठरवलं. निवड कशी केली ते सांगते, कारण सगळ्या वीस महिन्यांत मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. चार वेगवेगळ्या नोट्स घेतल्या आणि चारींमधला एकच विषय उघडला: क्रमिकेची सीमा (लिमिट), म्हणजे ओळीने येणाऱ्या संख्या जिच्या जवळ जवळ जात राहतात ती संख्या. प्रत्येकातली तीन-तीन पानं वाचायची, फाइल बंद करायची आणि कोऱ्या कागदावर व्याख्या, एक उदाहरण आणि एक सिद्धता आपल्या शब्दांत लिहायची. जिच्यानंतर कागद सर्वांत जास्त भरला, ती आपली. कुणी कुठली नोट्स चांगली म्हटलं आहे, हे पाहायचंच नाही.

माझा कागद भरला तो यिर्झी लेबल यांच्या 'बेसिक ॲनालिसिस'नंतर. हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक आहेत. २००९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक कोर्स शिकवताना काढलेल्या टिपणांतून हे पुस्तक तयार झालं आणि आजही त्यांच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असल्यामुळे स्वतःसाठी छापून घ्यायला काही अडचण नाही. अशा नोट्स नेहमी लेखकाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. 'फ्री पीडीएफ' म्हणून मिरवणाऱ्या इतर साइटवरून मी आधी एक फाइल घेतली होती, तर ती जुनी आवृत्ती निघाली, आणि लेखकाने दुरुस्त केलेली एक चूक तिच्यात तशीच होती. त्या चुकीवर माझे दोन दिवस गेले.

फोनवर वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात गेले. पेनड्राइव्हवर फाइल दिली, पाठपोट प्रिंट, पानाला एक रुपया. शून्यापासून पाचव्या प्रकरणापर्यंत साधारण दोनशे पानं झाली. स्पायरल बाइंडिंगचे चाळीस. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन-दोन पानं एका बाजूला टाकू का, निम्म्यात होईल." मी नको म्हटलं, आणि बरं झालं, कारण समासात लिहायला जागा लागते. माझ्या प्रतीत आज एक समास कोरा नाही. सातवं प्रकरण मेट्रिक स्पेसचं, म्हणजे अंतराची कल्पना संख्यांच्या पलीकडे नेणारं, होतं. ते जॅमच्या अभ्यासक्रमात नाही, म्हणून छापलं नाही आणि तेवढे पैसे वाचवले.

पहिल्या प्रकरणात एक छोटंसं विधान आहे. एखादी संख्या ऋण नाही आणि ती प्रत्येक धन संख्येहून लहान किंवा तिच्याइतकी आहे, तर ती शून्यच. सिद्धता दोन ओळींची. ती संख्या धन आहे असं समजा, मग तिच्या निम्मी संख्या घ्या. ती निम्मी संख्याही धन आहे, म्हणजे आपली संख्या तिच्याहून मोठी असता कामा नये. पण ती तर मोठी आहे. संपलं. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. पदवीच्या तीन वर्षांत एप्सिलॉन (हवी तितकी लहान धन संख्या) हे अक्षर मी शेकडो वेळा लिहिलं होतं, आणि ते कशासाठी असतं हे मला पस्तिसाव्या वर्षी कळत होतं. दोन गोष्टी समान आहेत हे दाखवायला त्यांच्यातलं अंतर कुठल्याही धन संख्येहून लहान आहे एवढं दाखवलं की पुरे. पुढच्या अर्ध्या पुस्तकाची किल्ली त्या दोन ओळींत आहे.

जानेवारी २०२३ मध्ये सीमेची व्याख्या आली. एका पानाला नऊ दिवस लागले. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक एन असा असतो की...' हे वाक्य मला पाठ होतं, पण त्याचा क्रम का तसा आहे हे माहीत नव्हतं. फलटणमध्येच मला कॉलेजात शिकवलेले एक सर राहतात, आता निवृत्त आहेत. महिन्यातून एका रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जाऊ का, असं धीर करून विचारलं. ते लगेच हो म्हणाले. पहिल्याच रविवारी त्यांनी माझी सिद्धता वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा एन कुठून आणलास?"

"सर, घेतला."

"कधी घेतलास? समोरच्याने एप्सिलॉन सांगायच्या आधी?"

मी गप्प.

"आधी तो सांगेल, किती जवळ हवंय. मग तू सांगायचं, कुठल्या पदापासून पुढे तेवढं जवळ आहे. त्याने आणखी जवळ मागितलं की तू आणखी पुढचं पद दाखवायचं. आधीच एन धरून बसलीस तर त्याने काय मागितलं ते ऐकलंच नाहीस."

त्या दिवसापासून मी सिद्धतेत प्रत्येक अक्षराच्या खाली बारीक लिहायला लागले: हे कुणी दिलं, आधी आलं की नंतर. याच सवयीने पुढे युनिफॉर्म कंटिन्युइटी समजली. तो शब्द जॅमच्या अभ्यासक्रमात नाही, पण मी तो भाग सोडला नाही. एक्सचा वर्ग हे फल घ्या. एका बिंदूपाशी ते कंटिन्युअस (म्हणजे तिथे उडी नसलेलं) आहे हे दाखवताना डेल्टा, म्हणजे फलाची किंमत एप्सिलॉनच्या आत राहावी म्हणून एक्स किती हलवायचा ती मुभा, त्या बिंदूवर अवलंबून असला तरी चालतो. युनिफॉर्म म्हटलं की एकच डेल्टा सगळीकडे चालला पाहिजे. शून्य ते एक या टप्प्यात असा डेल्टा मिळतो. सगळ्या वास्तव संख्यांवर मात्र आलेख पुढे पुढे चढत इतका उभा होत जातो की कुठलाही डेल्टा घेतला तरी कुठेतरी तो कमी पडतोच. दोन व्याख्यांतले शब्द तेच, फक्त जागा बदललेल्या. कॉलेजात मी या दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी लिहून दहा गुण मिळवले होते.

लेबल यांच्या पुस्तकात उदाहरणांची उत्तरं नाहीत. सुरुवातीला याचा फार त्रास झाला. आपण केलं ते बरोबर की चूक, सांगणार कोण? हळूहळू एक पद्धत बसली. सिद्धता लिहायची, दोन दिवस तिच्याकडे बघायचं नाही, मग ती एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तशी लाल पेनाने तपासायची. जिथे 'म्हणून' लिहिलंय पण कारण दिलेलं नाही, तिथे गोल. आठवीच्या मुलांच्या वह्या मी वर्षानुवर्षं अशाच तपासत आलेय, तो डोळा इथे कामाला आला. तरीही शंका राहिलेली उदाहरणं एका कागदावर लिहून सरांकडे न्यायची. महिन्याला साधारण आठ-दहा व्हायची.

मे २०२३ अखेर पाचवं प्रकरण, म्हणजे रीमान इंटिग्रल, संपलं. सात महिने, आणि दोनशे पानांच्या पाच वह्या.

जूनपासून लिनिअर अल्जिब्रा. यासाठी तीच चार-संचांची चाचणी करून जिम हेफेरॉन यांचं पुस्तक घेतलं. तेही त्यांच्या पानावर मोफत आहे. समीकरणांच्या जोड्या सोडवायच्या गाउसच्या पद्धतीने सुरुवात होते, म्हणजे दहावी शिकवणाऱ्या बाईला पहिलं पान ओळखीचंच. तिथून कधी व्हेक्टर स्पेसमध्ये शिरलो ते कळतही नाही. या पुस्तकाचं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक उदाहरणाचं पूर्ण उत्तर वेगळ्या फाइलीत दिलेलं आहे. आधी उत्तरं नाहीत म्हणून रडत होते, आता उत्तरं आहेत म्हणून अडचण झाली. पाच मिनिटं अडलं की हात फाइलीकडे जायचा. शेवटी ती फाइल माझ्या फोनवरून काढून यांच्या फोनवर ठेवली. रात्री साडेदहाला हे बँकेचं काम आटोपून बसले की दिवसभरात अडलेले उदाहरणांचे क्रमांक सांगायचे आणि तेवढीच उत्तरं बघायची. तोवर निम्मी आपली आपणच सुटलेली असायची.

जूनमध्येच माउलींची पालखी फलटणला मुक्कामी आली. घरात तेरा पाहुणे, गावात लाखो वारकरी, आणि फोनला नेट म्हणून नाही. व्हिडिओ चालायचा प्रश्नच नव्हता. पण छापलेली पानं होती. पहाटे साडेचारला भाकरीसाठी उठायचं होतंच, तर त्याआधी पाऊण तास स्वयंपाकघराच्या ओट्यावर पानं ठेवून रँक-नलिटी प्रमेयाची सिद्धता लिहिली. एक स्पेस दुसरीत पाठवली, तर जेवढी मिती पलीकडे उमटते आणि जेवढी शून्यात जाते, त्यांची बेरीज मूळ मितीइतकी. आजही ते प्रमेय आठवलं की मला बाहेरचे टाळ ऐकू येतात.

जुलैमध्ये एनपीटीईएलच्या एका बारा आठवड्यांच्या कोर्सला नाव घातलं. नावनोंदणी फुकट असते, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये भरायचे. मला प्रमाणपत्र नको होतं, दर आठवड्याच्या असाइनमेंटची तारीख हवी होती. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याला कुणीतरी तारीख दिलेली फार उपयोगी पडते.

सप्टेंबर २०२३ मध्ये जॅमचा अर्ज निघाला. ऑनलाइनच असतो. वयाची अट नाही, हे मी तीनदा वाचून खात्री केली. एका पेपरचं शुल्क महिलांना ९०० रुपये होतं, खुल्या गटातल्या पुरुषांना १८००. माझी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्जात नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहिलं, कारण परीक्षेच्या दारात तेच बघतात. पण पुढे प्रवेशाच्या वेळी दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवावं लागणार. आमची विवाह नोंदणीच झालेली नव्हती. तिन्ही साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले असं सगळं गोळा करून नोंदणी करायला चार खेपा आणि जवळपास महिना गेला. लग्न झालेल्या, पदवी जुन्या नावाची असलेल्या सगळ्याजणींना सांगणं आहे, हे काम अर्ज निघायच्या आधी करून ठेवा. अर्जात आणखी एक गोष्ट झाली. सहीचा फोटो अंधुक म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. पांढऱ्या कागदावर काळ्या जेल पेनने सही करून, खिडकीपाशी उजेडात फोटो काढून पुन्हा चढवला, तेव्हा तो स्वीकारला गेला. अर्ज भरून झाल्यावरही दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून बघत जा.

ऑक्टोबर ते डिसेंबर ग्रुप थिअरी, म्हणजे एकापाठोपाठ एक करता येणाऱ्या आणि उलट्याही करता येणाऱ्या क्रियांच्या समूहांचं गणित. हा विषय मला सर्वांत परका आणि शेवटी सर्वांत लाडका झाला. मुख्य पुस्तक थॉमस जडसन यांचं 'ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा'. त्याची वेबवर वाचायची आवृत्तीही आहे, ती फोनवर नीट दिसते, सूत्रं मोठी करता येतात. त्यामुळे क्लासच्या दोन बॅचमधल्या वीस मिनिटांतही वाचता यायचं. जोडीला कनेक्टिकट विद्यापीठाच्या कीथ कॉनराड यांची टिपणं. हे गृहस्थ एकेका विषयावर वेगळं टिपण लिहितात, आणि प्रत्येकात भरपूर उदाहरणं. एखादं प्रमेय कळलं पण हाताला लागत नाही असं झालं की मी त्यांच्याकडे जायची.

चौरसाच्या सममिती कागदावर काही केल्या दिसेनात, तेव्हा घरातली एक जुनी लग्नपत्रिका कापून चौरस केला, चारी कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी आकडे घातले. मुलगी शेजारी बसली होती. चौथीतली. "आई, फिरवून पुन्हा तसाच बसवायचा?" म्हणाली आणि तिनेच आठही स्थिती मोजून दाखवल्या: चार फिरवून, चार उलटून. आधी फिरवून मग उलटलं आणि आधी उलटून मग फिरवलं, तर कोपरे वेगळे येतात, हेही तिच्याच लक्षात आलं. नॉन-अबेलियन ग्रुपचं, म्हणजे क्रम बदलला की उत्तर बदलतं अशा ग्रुपचं, पहिलं उदाहरण मी माझ्या लेकीच्या हातात पाहिलं.

इथेच एक सावधगिरी सांगायची आहे. मोफत नोट्स वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या परंपरेतल्या माणसांनी लिहिलेल्या असतात, आणि त्यांच्या खुणा जुळत नाहीत. चौरसाच्या याच आठ सममितींच्या ग्रुपला काहीजण डी-चार म्हणतात, कारण कोपरे चार. काहीजण डी-आठ म्हणतात, कारण घटक आठ. मी नोव्हेंबरात एका नोट्समधलं डी-आठ दुसऱ्या नोट्समधल्या डी-आठशी जुळवत बसले होते, आणि तो ग्रुप सोळा घटकांचा होता. नैसर्गिक संख्यांत शून्य धरायचा की नाही, इन्क्रीझिंग म्हणजे समान चालतं की नाही, यातही फरक आहे. काही प्रश्नांचं उत्तर तेवढ्यानेच बदलतं. वहीच्या शेवटच्या पानावर मी एक तक्ता केला: कोण काय धरतं. नवीन नोट्स उघडल्या की आधी त्यातली खुणांची यादी वाचून तक्त्यात भरायची, मग पुढे. परीक्षेपुरतं प्रश्नपत्रिकेत दिलेल्या खुणा प्रमाण.

मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लामार विद्यापीठाच्या पॉल डॉकिन्स यांच्या ऑनलाइन नोट्स घेतल्या, सरावाची उदाहरणं उत्तरांसकट आहेत, ती रोज दहा याप्रमाणे केली. या भागात समजण्यापेक्षा हात बसणं जास्त महत्त्वाचं. माझा हात उशिरा बसला, कारण मी हा भाग डिसेंबरपर्यंत लांबवला. पुन्हा केला तर पहिल्या दिवसापासून रोज दोन उदाहरणं करेन.

जानेवारी २०२४ भर जुन्या प्रश्नपत्रिका. एकूण साठ प्रश्न, शंभर गुण, तीन तास. तीसांना एकच पर्याय बरोबर, आणि चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा. दहांना एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिथे वजाबाकी नाही, पण एकही पर्याय सुटला किंवा जास्तीचा धरला तर शून्य. उरलेल्या वीसांना पर्यायच नाहीत, संख्या भरायची. वर्षभर सिद्धता लिहिल्याचा फायदा त्या मधल्या दहांत झाला, कारण तिथे प्रत्येक विधान खरं की खोटं हे स्वतंत्रपणे ठरवावं लागतं, आणि खोटं असेल तर प्रतिउदाहरण डोक्यात लागतं. वेग मात्र नव्हता. सिद्धतेची सवय लागलेला हात तीन मिनिटांत उत्तर काढायला तयार होत नाही. सहा पेपर तरी घड्याळ लावून सोडवाच.

प्रवेशपत्र आलं, केंद्र पुण्याच्या बाहेरच्या भागात. १० तारखेला शनिवारी दुपारची एसटी धरून हडपसरला मावसबहिणीकडे मुक्कामाला गेले. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा झाला नाही. सकाळचं सत्र होतं, म्हणून सव्वासातलाच रिक्षा केली. रांगेत माझ्या पुढेमागे वीस-एकवीस वर्षांची मुलं. एका मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" मी प्रवेशपत्र दाखवलं. ती एकदम लाजली, मग म्हणाली, "माझं पाणी थोडं धरता का, मला केस बांधायचेत." तेवढ्या बोलण्याने माझी छाती धडधडायची थांबली.

आत कच्च्या कामाचे कागद तेच देतात. कॅल्क्युलेटर पडद्यावरचा, तो माउसने चालवावा लागतो आणि संख्याही पडद्यावरच्या बटणांनीच भरायच्या. घरी माउसची सवय नसेल तर आधी करून घ्या, मला सुरुवातीची काही मिनिटं त्यातच जड गेली. एका इंटिग्रलवर मी अकरा मिनिटं घालवली आणि तो सुटला नाही. तिथेच सोडून पुढे जायला हवं होतं. शेवटच्या वीस मिनिटांत ग्रुपचे तीन प्रश्न घाईने केले, जे सावकाश केले असते तर नक्की आले असते. बाहेर आले तेव्हा ह्याच तिघांचं वाईट वाटत होतं.

मार्चमध्ये निकाल लागला. ३६.३३ गुण. पात्र यादीत नाव आलं, पण आयआयटीची जागा मिळावी इतका क्रमांक नव्हता. एनआयटींसाठी वेगळी समुपदेशन फेरी असते. तिच्यात जवळचं काही मिळण्यासारखं दिसेना, आणि मुलीला, क्लासला सोडून लांब जायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. निकालाच्या रात्री थोडी रडले. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. त्यांनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि वही मागितली. अकरा वह्या एकेक करून चाळल्या. मग म्हणाले, "आता बाहेरून एम.एस्सी. कर. तुला परीक्षेपुरतं वाचायची गरज उरली नाही." विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचा फॉर्म भरायचं ठरवून टाकलं. विवाह नोंदणीचा दाखला तयार आहे.

खर्च विचारला होता म्हणून लिहिते. सगळी प्रिंट आणि बाइंडिंग मिळून ८५० च्या आसपास, वह्या-पेनांचे साधारण ८००, अर्जाचे ९००, विवाह नोंदणी, फोटो, झेरॉक्स आणि खेपा मिळून सहाशे, पुण्याची ये-जा आणि रिक्षा पाचशे. साडेतीन हजारांच्या थोडं वर. नोट्सना एक पैसा लागला नाही.

जिच्या प्रश्नाने सुरुवात झाली, ती मुलगी आता पदवीधर झाली आहे आणि तिलाही जॅम द्यायची आहे. गेल्या रविवारी तिला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिच्यासाठी पहिली दोनशे पानं आणि माझ्यासाठी ते राहिलेलं सातवं प्रकरण, मेट्रिक स्पेसचं. दुकानदाराने विचारलं, "पाठपोटच ना ताई, एका बाजूला एकच पान?"

"हो," ती माझ्या आधी म्हणाली, "समासात लिहायचंय."